कळत होते, पण वळत नव्हते

इसवी सन 1095. बगदादचा निजामिया मदरसा म्हणजे त्या काळच्या इस्लामी जगातले सर्वांत मानाचे विद्यापीठ. तिथल्या प्रमुख आसनावर बसणारे उस्ताद जेमतेम सदतीस वर्षांचे होते. समोर तीनशेच्या आसपास विद्यार्थी. वझीर ज्यांना मान देत, खलिफाच्या दरबारात ज्यांच्या शब्दाला वजन होते आणि भले भले विद्वान ज्यांच्याशी वाद घालायला कचरत, असे हे गृहस्थ एके दिवशी धडा द्यायला बसले आणि तोंडातून शब्दच फुटेना. समोरच्या मुलांचे मन राखण्यासाठी एखादा दिवस तरी शिकवावे म्हणून त्यांनी आटापिटा केला. जीभ हलली नाही. मग अन्न जाईनासे झाले. घोटभर शोरबाही घशाखाली उतरेना. हकीम आले, नाडी पाहिली आणि त्यांनी हात टेकले. हे दुखणे शरीराचे नाही, मनात उपजले आणि तिथून शरीरात उतरले. मनावरचा भार हलका झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असे त्यांचे निदान होते.

या उस्तादांचे नाव अबू हामिद मुहम्मद अल-गझाली. मुसलमानांच्या घरांत ते इमाम गझाली म्हणून ओळखले जातात. ‘हुज्जतुल इस्लाम’, म्हणजे इस्लामचा पुरावा, अशी पदवी त्यांना मिळालेली आहे. रमजान आला की रोजाविषयीच्या प्रवचनांत त्यांचे नाव हमखास निघते. भूक, राग, जीभ आणि हाव यांना लगाम कसा घालावा यावर त्यांच्याइतके बारकाईने लिहिणारे फार थोडे झाले. पण आपल्याला जे बरोबर वाटते ते करायला स्वतःच्याच मनाला भाग पाडणे त्यांना महिनोन्महिने जमले नव्हते, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. खरे तर त्यांच्या लिखाणाला धार आली ती तिथूनच.

इमाम गझालींचा जन्म सुमारे 1058 साली खुरासानातील तूस इथला. हा भाग आज इराणच्या ईशान्येला, मशहद शहराजवळ येतो. वडील लोकर कातून विकत, असे जुने चरित्रकार सांगतात. गझाली हे नाव कातकामावरून पडले की एखाद्या गावावरून, यावर विद्वानांचा वाद आहे, तो त्यांनी घालत राहावा. वडील शिकलेले नव्हते, पण विद्वानांच्या बैठकीत जाऊन मागे बसायचे आणि आपल्या मुलांना असे ज्ञान मिळावे म्हणून दुआ करायचे. मुहम्मद आणि अहमद ही दोन मुले लहान असतानाच त्यांचे आयुष्य संपत आले. त्यांनी गाठीला होते तेवढे पैसे एका सूफी मित्राच्या हवाली केले आणि मुलांना शिकवण्याचा शब्द घेतला. मित्र स्वतः फकीर. पैसे संपले तेव्हा त्याने मुलांना सरळ सांगितले की आता एखाद्या मदरशात भरती व्हा, तिथे विद्यार्थ्यांना जेवण मिळते. म्हणजे ज्ञानाच्या दारात ही मुले गेली ती भाकरीसाठी. पुढे इमाम गझाली स्वतःच हे सांगत. आपण अल्लाहसाठी शिकायला गेलो नव्हतो, पण विद्येनेच अल्लाहखेरीज दुसऱ्या कुणाची व्हायचे नाकारले, असा त्यांच्या सांगण्याचा आशय असे.

तरुणपणी ते शिकायला जुरजानला गेले. परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. पैसे, कपडे, सामान, सगळे गेले. गझाली मात्र दरोडेखोरांच्या मागे चालू लागले. सरदाराने परत फिर, नाहीतर जिवाला मुकशील, असे दरडावले. गझालींनी विनवले की बाकी सगळे ठेवा, त्या पिशवीतली माझी टिपणे तेवढी द्या, ती तुमच्या काही कामाची नाहीत. मी घर सोडून गेलो तो ती ऐकायला आणि उतरवून घ्यायला. सरदार हसला. आम्ही पिशवी नेली आणि तुझे ज्ञान गेले, मग तू शिकलास तरी काय, असे त्याने विचारले आणि पिशवी परत द्यायला सांगितले. गझालींना हा टोला लागला. तूसला पोहोचल्यावर पुढची तीन वर्षे ती टिपणे मुखोद्गत करण्यात गेली. पुन्हा कुणी लुटले तरी आपण रिकामे होणार नाही इतकी तयारी झाल्यावरच ते थांबले.

या प्रसंगातून त्यांचा निर्धार दिसतोच. पण नीट पाहिले तर इथे त्यांना स्वतःविरुद्ध काही करावे लागले नव्हते. हुशार, महत्त्वाकांक्षी तरुणाला पाठांतराची तीन वर्षे जड जात नाहीत. पुढे मोठा होण्याची ओढच त्याला पुढे नेते. जी ओढ आजवर पुढे नेत आली, तिच्याच विरुद्ध जायची वेळ आली की माणसाचा कस लागतो. ती वेळ यायला अजून बरीच वर्षे होती.

पुढे ते निशापूरला गेले. तिथे इमामुल हरमैन जुवैनी यांच्यासारखा गुरू लाभला. न्यायशास्त्र, तर्क, धर्मचर्चा यांत गझाली सर्वांच्या पुढे गेले. 1085 मध्ये गुरू वारले, तेव्हा ते सेल्जुक साम्राज्याचा वझीर निजामुल मुल्क याच्या दरबारी गेले. निजामुल मुल्क हा त्या काळातला सर्वांत प्रभावी प्रशासक. ठिकठिकाणी निजामिया मदरसे त्यानेच उभारले होते. दरबारात विद्वानांचे वाद रंगत आणि त्यांत गझाली जिंकत. 1091 मध्ये त्यांची बगदादच्या निजामियावर नेमणूक झाली.

अब्दुल गाफिर फारसी हे त्यांना ओळखणारे समकालीन लेखक. त्यांनी लिहून ठेवले आहे की या काळातले गझाली गर्विष्ठ होते, इतरांना तुच्छ लेखत, आपल्या बुद्धीची आणि वक्तृत्वाची त्यांना घमेंड होती. बगदादमध्ये प्रवेश करताना त्यांच्या अंगावरचे कपडे आणि स्वारीचे जनावर मिळून लोकांनी 500 दिनारांचा अंदाज बांधला होता, असे इब्नुल जौझी या इतिहासकाराने नोंदवले आहे. धर्म शिकवणाऱ्या माणसाच्या कपड्यांची किंमत बाजारात चर्चेचा विषय व्हावी, यात बरेच काही आले.

बगदादमधली चार वर्षे गडबडीची होती. 1092 च्या रमजानमध्ये, प्रवासात असताना, निजामुल मुल्कचा खून झाला. साधारण महिन्याभराने सुलतान मलिकशाह वारला आणि गादीसाठी लढाया सुरू झाल्या. 1094 मध्ये खलिफाही गेला. आश्रयदाते असे एकामागून एक जात असताना गझाली दिवसा शिकवत आणि उरलेल्या वेळात यवनी तत्त्वज्ञानाचे ग्रंथ गुरूविना वाचत. दोन वर्षांच्या आत त्यांनी तो विषय पचवला, आधी त्याचा सारांश मांडणारा ग्रंथ लिहिला आणि मग त्याचे खंडन करणारा ‘तहाफुतुल फलासिफा’. हा ग्रंथ 1095 च्या सुरुवातीला पुरा झाला. कीर्ती कळसाला पोहोचली होती.

याच दिवसांत ते सूफींचे ग्रंथ वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की या वाटेचा जो भाग वाचून कळण्यासारखा आहे तो आपल्याला कळला आहे, उरला आहे तो करून पाहण्याचा. आरोग्याची व्याख्या ठाऊक असणे आणि निरोगी असणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच वैराग्याची व्याख्या सांगता येणे आणि विरक्त होणे यांत आहे, असा दाखला त्यांनी आत्मकथनात दिला आहे. वैद्य आजारी पडला तर त्याला आरोग्य म्हणजे काय, कोणती औषधे घ्यायची, हे सगळे माहीत असते. फक्त आरोग्य नसते.

मग त्यांनी स्वतःकडे पाहिले. आपण शिकवतो ते कशासाठी? उत्तर असे आले की अल्लाहसाठी नव्हे, नाव आणि मान मिळावा म्हणून. हे उमगले त्या दिवसापासून झोप उडाली. बगदाद, पद, पैसा, शिष्य सोडून निघून जावे, असे सकाळी ठरायचे. संध्याकाळ होईतो मन शंभर सबबी पुढे करायचे. एक पाय पुढे पडायचा, दुसरा मागे ओढायचा. हा मनाचा क्षणिक झटका आहे, निघून जाईल. एवढे बसलेले बस्तान मोडून गेलास आणि उद्या पुन्हा ओढ लागली तर परत मिळेल का? मन असे समजावत राहायचे. मराठीत आपण कळते पण वळत नाही म्हणतो, त्याचे इतके प्रामाणिक वर्णन एखाद्या धर्मपंडिताने आपल्याच नावानिशी लिहून ठेवल्याचे उदाहरण विरळा.

हे रजब महिन्यात सुरू झाले आणि सुमारे सहा महिने चालले. त्या अवधीत एक रमजानही येऊन गेला. नावाजलेला धर्मगुरू, रोजे, तरावीह, इफ्तारला थोरामोठ्यांची ये-जा, सगळे यथासांग असणार आणि आत ही ओढाताण.

सुटका झाली ती निर्धाराने नव्हे. इच्छाशक्तीवर बोलताना हा मुद्दा बहुधा गाळला जातो. गझालींनी निश्चय करून बेड्या तोडल्या, असे त्यांनी स्वतः कुठेही म्हटलेले नाही. जीभ बंद पडली, शरीर खचले, पर्याय संपला, तेव्हा सर्व बाजूंनी हरलेला माणूस धावा करतो तसा त्यांनी अल्लाहचा धावा केला आणि मग पद, पैसा, मुले, मित्र यांच्यापासून दूर होणे मनाला सोपे वाटू लागले, असे त्यांनी लिहिले आहे.

तरीही निघताना त्यांनी थोडी चलाखी केलीच. मक्केला जातो असे जाहीर केले, मनात होता शाम, म्हणजे सीरिया. खरे कारण सांगितले असते तर खलिफा आणि मित्रमंडळी जाऊ देणार नाहीत याची त्यांना खात्री होती. मुलाबाळांच्या गरजेपुरते ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली, मदरशातली जागा धाकट्या भावाकडे, अहमदकडे सोपवली आणि 1095 संपता संपता ते बगदादबाहेर पडले. लोकांनी तर्क लढवले. कुणी म्हणे सरकारशी बिनसले. आजही काही अभ्यासक यामागे राजकीय भीती पाहतात. भीती असेलही. पण केवळ जीव वाचवायला पळालेला माणूस दुसऱ्या दरबारात आसरा शोधतो. यांनी पुढे जे केले ते उलटेच होते.

दमिश्कमध्ये ते मोठ्या मशिदीच्या मिनारात वर चढून दार लावून घेत आणि दिवसभर तिथेच राहत. एकांत, जिक्र, रोजे आणि नमाज. त्यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. दमिश्कच्या एका मदरशात ते अनोळखी फकिराच्या वेशात शिरले, तर आत उस्ताद गझालींच्याच मताचा हवाला देऊन शिकवत होते. ते ऐकताच आपल्या मनात पुन्हा फुशारकी डोके वर काढील या धास्तीने ते शहरच सोडून गेले. गोष्ट तंतोतंत घडली असेल वा नसेल, पण त्यांचा सर्वांत चिवट शत्रू कोण होता हे लोकांनी अचूक ओळखले होते. भूक त्यांना कधीच जड गेली नव्हती. जड गेली ती वाहवा.

तिथून ते बैतुल मुकद्दसला, म्हणजे जेरुसलेमला, गेले. मग हेब्रॉनला हजरत इब्राहिम (अ.) यांच्या कबरीपाशी त्यांनी तीन गोष्टींची शपथ घेतली : कोणत्याही राजाच्या दरबारी जायचे नाही, कोणत्याही राजाचा पैसा घ्यायचा नाही आणि वादसभेत उतरायचे नाही. ज्या तीन पायऱ्या चढून ते मोठे झाले होते, नेमक्या त्याच या तीन. सगळे सोडतो अशी भव्य शपथ त्यांनी घेतली नाही. आपण कुठे घसरतो त्या जागा पाहून तेवढ्याच बांधून घेतल्या.

पुढे हज झाला. 1097 मध्ये ते काही काळ बगदादला आले तेव्हा लोकांनी पुन्हा त्यांच्या कपड्यांचा अंदाज घेतला. या वेळी तो 15 किरात निघाला, म्हणजे एक दिनारही पुरा नाही. मग मुलांची ओढ त्यांना तूसला घेऊन गेली. एकांत मोडणार नाही असे कितीही ठरवले तरी संसार, गरजा आणि काळाचे फेरे यांनी तो पुन्हा पुन्हा मोडला, अशी कबुली त्यांनी दिली आहे. तरी ते पुन्हा पुन्हा त्याकडे वळत राहिले.

या वर्षांतले मोठे फळ म्हणजे ‘इह्या उलूमुद्दीन’, धर्मविद्यांचे पुनरुज्जीवन. चाळीस भाग आणि दहा-दहाचे चार गट : उपासना, रोजचे व्यवहार, माणसाला बुडवणारे दोष आणि तारणारे गुण. शब्द अरबी असले तरी मराठी वाचकाला यातले बरेचसे घरचे वाटावे. मनाला वळण लावण्यासाठी ते ‘रियाजत’ हा शब्द वापरतात. गवयाच्या तोंडी असलेला ‘रियाज’ तो हाच. आणि त्यांचे म्हणणेही गवयाला पटेल असेच आहे. ज्याला सुंदर हस्ताक्षर हवे त्याने आधी मुद्दाम, कष्टाने, चांगल्या लेखनिकासारखी अक्षरे काढत राहावे. एक दिवस हात आपोआप तसा वळू लागतो. उदार व्हायचे असेल तर मन नको म्हणत असतानाही उदार माणसासारखे वागत राहावे. आधी नाटक वाटते, मग सवय होते, शेवटी स्वभाव.

स्वभावाला औषध नाही, हे त्यांना मान्य नव्हते. खजुराची बी म्हणजे झाड नव्हे, पण निगा राखली तर तिचे खजुराचेच झाड होते, सफरचंदाचे कधी होत नाही. राग आणि वासना मुळापासून उपटता येत नाहीत आणि उपटूही नयेत, असेही ते बजावतात. वासना नसती तर माणूस उपाशी मेला असता, राग नसता तर त्याने स्वतःचे रक्षण केले नसते. घोडा आणि शिकारी कुत्रा मारून टाकणारा शिकार कशी करणार? त्यांना शिकवायचे असते. शिकवायचे तेही हळूहळू. पोराला मदरशाची गोडी लावताना आधी चेंडूफळीचे आमिष दाखवतात, मग चांगल्या कपड्यांचे, मग मानाचे. विद्येची गोडी शेवटी लागते. एकदम सगळे सोडायला लावणारा गुरू त्यांना अडाणी वाटतो.

आपले दोष कळावेत कसे, यावर त्यांनी दिलेला एक उपाय तर खास आहे. गुरू आणि खरा मित्र यांच्याइतकाच शत्रू कामाचा असतो. गोड बोलणारा मित्र जे झाकतो ते शत्रू बिनदिक्कत चव्हाट्यावर आणतो. त्याचे फुकट मिळालेले मत ऐकून घ्यावे.

आणि हिशेब. हा शब्दही अरबीतून आपल्याकडे आला आहे आणि गझालींच्या ‘मुहासबा’शी त्याचे सख्खे नाते आहे. व्यापारी भागीदाराला भांडवल देतो तेव्हा आधी त्याच्याशी ‘शर्त’ ठरवतो, मग त्याच्यावर नजर ठेवतो, संध्याकाळी जमाखर्च तपासतो, तूट आली तर दंड करतो. आपले मन हा असाच भागीदार आहे आणि भांडवल म्हणजे आजचा दिवस. सकाळी फजरच्या नमाजानंतर थोडा वेळ काढून मनाशी शर्ती ठरवाव्यात आणि रात्री खातेवही उघडावी. पै-पैचा हिशेब ठेवणारे लोक आयुष्य मात्र उधारीवर उधळून टाकतात, याचे त्यांना नवल वाटत असे. आज मोबाइलवर पावले आणि उष्मांक मोजणाऱ्यांना ही रीत नवी वाटणार नाही. मोजायचे काय, तेवढे बदलते.

रोजाविषयी त्यांनी लिहिले ते मात्र रोजेदारांनाच टोचेल असे. त्यांच्या मते रोजाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिला रोजा पोटाचा, तो सर्वांचा. दुसरा डोळे, कान, जीभ, हात, पाय यांचा, तो थोड्यांचा. तिसरा मनाचा, तो अगदी विरळ्यांचा. दिवसभर हलाल अन्नापासून दूर राहायचे आणि चहाडी करून तोच रोजा मोडायचा, हे म्हणजे एक महाल बांधण्यासाठी सबंध शहर जमीनदोस्त करण्यासारखे आहे. त्याहून तिखट टीका आहे ती इफ्तारवर. रमजानसाठी आधीपासून खाद्यपदार्थ साठवून ठेवायचे, एरवी कित्येक महिन्यांत खाल्ले नाहीत असे पदार्थ या महिन्यात खायचे आणि दुपारी जे चुकले ते रात्री व्याजासह वसूल करायचे, असे लोक करतात, हे ते नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहीत होते. भुकेने वासना मवाळ व्हावी हा रोजाचा हेतू. दिवसभर भूक वाढवून रात्री ती दुप्पट भागवली तर वासना उलट बळावते, एवढे साधे गणित त्यांनी मांडले. बाजारातली संध्याकाळची गर्दी पाहून त्यांना आजही फार वेगळे लिहावे लागले नसते.

अरबी न येणाऱ्यांसाठी त्यांनी याच विचारांचे सुटसुटीत रूप फारसीत लिहिले, ‘किमिया-ए-सआदत’. त्याच्या उर्दू आवृत्त्यांमुळे भारतातल्या सामान्य घरांपर्यंत गझाली पोहोचले. ‘इह्या’चे सगळीकडे स्वागत झाले असे मात्र नाही. लेखकाच्या हयातीतच, 1109 मध्ये, स्पेनमधल्या कुर्तुबा शहरात सत्ताधाऱ्यांच्या संमतीने हा ग्रंथ जाळला गेला. दिखाऊ धर्मपंडितांना त्यात जे सुनावले होते ते अनेकांना झोंबले होते.

1106 मध्ये नवा पेच आला. निजामुल मुल्कचा मुलगा फखरुल मुल्क आता खुरासानात वझीर होता. त्याने गझालींना निशापूरच्या निजामियात शिकवायला बोलावले आणि नकार चालणार नाही असा आग्रह धरला. हेब्रॉनची शपथ डोळ्यांसमोर होती. पुन्हा मनाशी वाद. या वेळी प्रश्न उलटा होता. आपण एकांत धरून बसलो आहोत तो खरोखर अल्लाहसाठी, की आता त्यातच आराम आणि अब्रू सापडली म्हणून? ज्यांच्यावर विश्वास होता त्यांचा सल्ला त्यांनी घेतला आणि सुमारे अकरा वर्षांनी ते पुन्हा वर्गात गेले.

शपथ मोडली, असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, कारण सरकारी मदरसा तो सरकारी मदरसाच. गझालींचा खुलासा असा की दिसायला आपण परतलो, पण परतलो नाही. पूर्वी आपण मान मिळवून देणारी विद्या शिकवत होतो, आता मान सोडायला लावणारी शिकवतो. खुलासा सुंदर आहे, पण तेवढ्याने शंका पुरती फिटत नाही आणि त्यांचीही फिटली असेल असे वाटत नाही. सुलतान संजरच्या दरबारात बोलावणे आले तेव्हा त्यांनी पत्र लिहून त्याच शपथेची आठवण दिली आणि आपल्याला यातून मोकळे ठेवावे अशी विनंती केली.

अब्दुल गाफिर फारसी त्यांना या काळात पुन्हा भेटले. जुना गर्विष्ठ गझाली त्यांच्या पुरता लक्षात होता. हा नवा शांतपणा, लोकांचे टोमणे ऐकून घेणे, उत्तर न देणे हे सोंग असावे, असा त्यांना संशय होता. म्हणून त्यांनी अनेकदा भेटी घेतल्या, खोदून पाहिले आणि शेवटी लिहिले की आपला अंदाज उलटा ठरला, हा माणूस खरोखर बदलला आहे. शिष्यांच्या स्तुतीपेक्षा अशा संशयी साक्षीदाराची नोंद अधिक मोलाची.

निशापूरला ते फार काळ राहिले नाहीत. तूसला परतून त्यांनी घराशेजारी एक मदरसा आणि सूफींसाठी खानकाह सुरू केली. वेळ वाटून घेतला होता : कुरआनचे वाचन, साधकांशी बैठक, विद्यार्थ्यांचे धडे. बगदादच्या निजामियाचे आसन स्वीकारावे म्हणून पुन्हा बोलावणे आले, ते त्यांनी नाकारले. त्या आसनापायी एकदा जीभ गेली होती. या वेळी नाही म्हणताना ती अडखळली नाही. हदीसच्या शास्त्रात आपण कच्चे आहोत हे त्यांना माहीत होते, म्हणून पन्नाशी उलटल्यावर हुज्जतुल इस्लाम विद्यार्थी होऊन हदीसचा अभ्यास करायला बसले.

हिजरी सन 505, जमादिउल आखिर महिन्याची 14 तारीख, म्हणजे 18 डिसेंबर 1111. सोमवारची पहाट. भाऊ अहमद यांनी सांगितल्याप्रमाणे इमाम गझालींनी वुजू केली, नमाज अदा केली आणि आपले कफन मागवले. ते हातात घेऊन चुंबले, डोळ्यांना लावले आणि मालकाच्या बोलावण्याला होकार दिला. मग किब्ल्याकडे तोंड करून पाय पसरले. उजाडण्यापूर्वी सगळे संपले होते. मागे मुलीच राहिल्या. जगण्यापुरते होते त्याहून जास्त त्यांनी शेवटपर्यंत कुणाकडून घेतले नव्हते, असे चरित्रकार सांगतात.